झाकण लावलें, पण यंत्र निजलें काय?

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. ती कशानें बिघडली हा पहिला, आणि ती कोणी बिघडविली हा दुसरा. वास्तविक पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून दुसरा विचारूंच नये. परंतु एकत्र कुटुंबांत अनुभव नेमका उलट येतो. चौदा-पंधरा माणसांच्या घरांत दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर दहा मिनिटांत मिळतें, आणि मग पहिल्याची कोणासच आठवण राहत नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरीं असाच एक प्रसंग घडला. त्यांत आमच्या हातूनहि थोडासा अन्याय झाला, म्हणून तो येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे. ज्यांच्या घरीं जुना लॅपटॉप आहे त्यांस त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे.

आमच्या ज्येष्ठ बंधूंची कन्या पुण्यास एम्. ए. च्या वर्गांत आहे. तिच्याजवळचा लॅपटॉप २०१७ सालीं तिच्या वडिलांनीं आपल्या कामासाठीं घेतलेला. विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमींचा सांभाळ मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, आणि पुढची प्रणाली एवढ्या जुन्या यंत्रास स्वीकारीना. म्हणून आमच्या चिरंजीवानें त्यावर लिनक्स घालून दिलें. लिनक्स म्हणजे १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें आरंभिलेली, आणि पुढें जगांतील हजारों जाणत्यांनीं मिळून वाढविलेली प्रणाली. ती विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरहि चांगली चालते. महिनाभर सर्व कांहीं सुरळीत होतें.

मग एके सायंकाळीं मुलगी बसमधून सव्वा तासाचा प्रवास करून घरीं आली, तों तिची पिशवी हाताला ऊन लागत होती. तिनें ती तशीच कोनाड्यांत ठेवली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां प्रबंधाचें एक प्रकरण मार्गदर्शकांसमोर वाचून दाखवावयाचें होतें. तेथें जाऊन यंत्र उघडतें तों पडदा काळा. बॅटरींत थेंबभरहि वीज नाहीं, आणि चार्जर घरीं. वाचन राहिलें तें राहिलेंच. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

घरीं आल्यावर न्याय ताबडतोब झाला. वहिनी म्हणाल्या, "रात्रीं गाणीं ऐकत बसली असशील." दादा म्हणाले, "झाकण नीट लावलें नसेल." मुलगी रडकुंडीस येऊन म्हणाली, "काका, मीं झाकण लावलें होतें हो! काम संपल्याबरोबर लावलें आणि मगच पिशवींत ठेवलें." आम्ही तरी काय म्हणालों? "अग, झाकण लावलें असतें तर बॅटरी उतरली कशी असती?" वरवर पाहतां हें तर्कशास्त्रास धरून दिसतें, परंतु झाकण लावलें म्हणजे यंत्र निजलेंच, हें आम्हीं न तपासतां गृहीत धरलें होतें. सगळी चूक त्या गृहींत होती.

यंत्र बाजारांतील एका दुरुस्तीच्या दुकानीं दाखविलें. तेथील गृहस्थांनीं तें उघडूनहि न पाहतां सांगितलें, "बॅटरी गेली, यंत्र म्हातारें झालें, नवें घ्या." नवें म्हणजे पन्नास-साठ हजार रुपये. एवढी रक्कम घरांत होती, पण ती आमच्या मातुःश्रींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूला काढलेली. माई लागलीच म्हणाल्या, "पोरीचें शिक्षण आधीं, माझे डोळे थांबतील." त्या वाक्यानें आम्ही जागे झालों. एवढा मोठा खर्च करावयाचा तर दुखणें कोठें आहे हें तरी आधीं समजून घ्यावें, असें ठरवून चिरंजीवाला, मुलीला आणि एक कोरी वही बरोबर घेऊन आम्ही बसलों. पुढील चौकशीला पांच दिवस लागले आणि पदरचा एक पैसाहि खर्च झाला नाहीं.

पहिली नोंद: भांडें केवढें उरलें आहे?

पाणी कां संपलें हें पाहण्यापूर्वीं हंडा केवढा आहे तें पाहावें. लॅपटॉपच्या बॅटरीची धारणा वॅट-तासांत मोजतात. लिनक्समध्यें 'अपॉवर' नांवाची आज्ञा आहे. ती विचारली असतां बॅटरी नवी असतांना तींत किती वीज मावत होती आणि आज किती मावते, असे दोन आंकडे मिळतात. (आज्ञांचीं नांवें आम्ही येथें देवनागरींत देत आहों, यंत्रावर तीं रोमन लिपींत लिहावीं लागतात, हें घरांतील तरुण मंडळी जाणतातच.) आमच्या यंत्राचे आंकडे निघाले ५० आणि ३१. म्हणजे हंड्याचा पांच हिश्शांपैकीं सुमारें तीन हिस्सेच उपयोगाचा उरला होता.

दुकानदाराचें म्हणणें असें अर्धें खरें ठरलें. लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालापासून बाजारांत आहे, आणि ती घडविणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्यांस, २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तथापि तीहि म्हातारी होतेच. ती सतत काठोकाठ भरलेली ठेवणें आणि उष्णतेंत ठेवणें ह्या दोन गोष्टींनीं तिचें वय अधिक झपाट्यानें वाढतें. परंतु म्हातारी बॅटरी म्हणजे लहान हंडा. गळका हंडा नव्हे. एका रात्रींत ती रिकामी कां झाली, ह्याचें उत्तर वयांत मिळेना.

दुसरी नोंद: साक्षीदार

आमच्या समजुतीस पहिला धक्का येथें बसला. लिनक्स आपल्या प्रत्येक हालचालीची रोजनिशी लिहून ठेवतें. 'जर्नलसीटीएल' ह्या आज्ञेनें ती वाचतां येते. आणि मागल्या वेळीं यंत्र चालू झाल्यापासून बंद पडेपर्यंतचा भाग स्वतंत्रपणेंहि मागतां येतो. तो मागितला. त्या सायंकाळीं पांच वाजून एकेचाळीस मिनिटांनीं स्वच्छ नोंद होती: 'लिड क्लोज्ड', म्हणजे झाकण मिटलें. तिच्याच खालीं 'सस्पेंड एंट्री', म्हणजे यंत्र निद्रेंत शिरलें.

मुलीनें झाकण लावलें होतें. यंत्रानेंच तशी साक्ष दिली. आम्हीं तिच्याकडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं, नुसती वहींत वेळ टिपून घेत होती.

त्याच्या पुढें मात्र विलक्षण मजकूर होता. दोन मिनिटांनीं 'सस्पेंड एग्झिट', म्हणजे यंत्र जागें झालें. पुन्हां अर्ध्या-पाऊण मिनिटानें झाकण मिटलेलेंच पाहून निजलें, पुन्हां उठलें, पुन्हां निजलें. बसच्या सव्वा तासांत असें एकोणीस वेळां झालें. घरीं पोंचल्यावर तो प्रकार थांबला. ह्याचा अर्थ, पिशवी हलत असतांना कोणीतरी यंत्राला उठवीत होतें.

तो 'कोणीतरी' शोधण्यास फार वेळ लागला नाहीं. बिनतारी माउसचा नखाएवढा ग्राहक यंत्राच्या कडेला नेहमीं खोंचलेला असे, आणि माउस त्याच पिशवींत. बसला हादरा बसला कीं माउस हाले, माउस हालला कीं ग्राहक यंत्राला हांक मारी, आणि यंत्र बिचारें आज्ञाधारकपणें उठून बसे. कोंदट पिशवींत पंख्याला हवा नाहीं, म्हणून ती ऊष्मा. उपाय दोन आहेत. साधा उपाय म्हणजे ग्राहक काढून ठेवणें. दुसरा, प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या नोंदींत 'वेकअप' नांवाचें एक पान असतें, तेथें 'एनेबल्ड' च्या जागीं 'डिसेबल्ड' लिहिलें कीं त्या उपकरणाचा उठविण्याचा अधिकार जातो. आम्हीं दोन्ही केले.

तिसरी नोंद: झोंपेचे प्रकार

तरीहि रात्रीचा प्रश्न उरलाच. कोनाड्यांतील पिशवी हलत नव्हती, रोजनिशींत जागें झाल्याची नोंद नव्हती. मग वीज गेली कोठें? म्हणून पहिली परीक्षा ठरविली. ग्राहक काढून, रात्रीं दहा वाजतां ९६ टक्के भरलेलें यंत्र झाकण लावून ठेवलें. सकाळीं सात वाजतां पाहतों तों ५८. नऊ तासांत अडतीस टक्के! ३१ वॅट-तासांच्या हिशेबानें हे सुमारें पावणेबारा वॅट-तास झाले. म्हणजे निजलेलें यंत्र तासाला १.३ वॅट-तास वीज पीत होतें.

येथें थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. लॅपटॉपला निजविण्याची पहिली सर्वमान्य पद्धत इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांनीं १९९२ सालीं आणली. तींत बहुतेक निर्णय यंत्राच्या अंगच्या मूळ आज्ञावलीकडे असत. डिसेंबर १९९६ मध्यें ह्या दोघींनीं व तोशिबानें मिळून 'एसीपीआय' ही नवी पद्धत प्रसिद्ध केली. तींत कारभार प्रणालीकडे आला. मात्र यंत्रांत कोठें काय आहे ह्याचीं कोष्टकें पुरविण्याचें काम कारखानदाराकडे राहिलें. लिनक्सच्या पुष्कळशा अडचणींचें मूळ येथें आहे. कारखानदार आपलीं कोष्टकें मुख्यतः विंडोजवर तपासून पाहतात. त्यांत राहिलेली चूक लिनक्सच्या वांट्याला येते.

एसीपीआयमध्यें निद्रेचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील 'एस-थ्री' ही गाढ निद्रा. तींत चालू कामाची स्मृति राखण्यापुरती वीज ठेवून बाकी जवळजवळ सर्व बंद होतें. घराचा मुख्य खटका पाडून केवळ देव्हाऱ्यांतील दिवा ठेवावा तसें. दुसरा प्रकार अलीकडचा. टेलिफोनप्रमाणें लॅपटॉपहि क्षणांत उठावा, निजलेला असतांनाहि टपाल घ्यावें, ह्या हौसेनें विंडोज ८ बरोबर २०१२ मध्यें आणि विंडोज १० बरोबर २०१५ मध्यें हलक्या निद्रेचा प्रसार झाला. लिनक्समध्यें तिच्याशीं जुळणाऱ्या प्रकाराला 'एस-टू-आयडल' म्हणतात. तींत मुख्य खटका पाडीत नाहींत. घरांतील प्रत्येकास 'आतां निजा' असें सांगतात. सगळे निजले तर वीज खरोखर थोडी लागते. परंतु एक मूल जागें राहिलें कीं सगळें घर जागें! डिस्क म्हणा, बिनतारी जाळ्याचा भाग म्हणा, एकानें जरी सांगितलेलें ऐकलें नाहीं तरी यंत्र खऱ्या विश्रांतीस पोंचत नाहीं. आणि बाहेरून पाहावें तर पडदा काळा, पंखा बंद, सर्व कसें शांत.

आपलें यंत्र कोणती निद्रा घेतें हें पाहणें अगदीं सोपें आहे. 'सिस' ह्या कोठारांतील 'पॉवर' नांवाच्या दालनांत 'मेम स्लीप' अशी एक लहानशी नोंद असते. ती वाचली असतां यंत्राला येणाऱ्या निद्रांचीं नांवें दिसतात, आणि सध्यां जी निवडलेली असेल तिच्याभोंवतीं चौकोनी कंस असतो. आमच्या यंत्रावर 'एस-टू-आयडल' आणि 'डीप' अशीं दोन्ही नांवें होतीं, व कंस पहिल्याभोंवतीं होता. 'डीप' म्हणजेच गाढ निद्रा. यंत्राला ती येत होती. कोणीं तिला निजवीत नव्हतें एवढेंच.

चिरंजीवानें त्या नोंदींत 'डीप' हें नांव लिहिलें. प्रथम सर्व कामें साठवून, झाकण लावून, पांच मिनिटांनीं उघडून पाहिलें. यंत्र नीट उठलें, पडदा उजळला, बिनतारी जाळें जोडलें गेलें. ही लहान परीक्षा अवश्य करावी. कारण कांहीं यंत्रें गाढ निजतात तीं उठतच नाहींत. मग रात्रभराची परीक्षा झाली. पुन्हां दहा ते सात, पुन्हां ९६ पासून. सकाळीं आंकडा ८९. नऊ तासांत सात टक्के, म्हणजे तासाला जेमतेम पाव वॅट-तास. गळती पांचपटींनीं कमी झाली होती.

ती निवड यंत्र बंद करून चालू केलें कीं पुसली जाते. कायमची करण्यासाठीं प्रणाली सुरू होतांना वाचल्या जाणाऱ्या ओळींत 'मेम स्लीप डिफॉल्ट' बरोबर 'डीप' असें लिहावें लागतें. तेंहि केलें.

मग वहींतील आंकडे एकत्र मांडून त्या दिवसाचा हिशेब केला. मुलगी निघाली तेव्हां बॅटरी साठ टक्के, म्हणजे साडेअठरा वॅट-तास. बसमध्यें यंत्र एकोणीस वेळां उठलें, तेथें साडेतीन गेले. उरलेले पंधरा तासाला १.३ प्रमाणें साडेअकरा तास पुरतात. सायंकाळीं सातपासून मोजले तर पहांटेचे साडेसहा. रोजनिशीचें शेवटचें पान त्याच सुमाराचें निघालें. हिशेब जुळला, आणि त्यांत मुलीच्या नांवें एक कवडीहि खर्ची पडली नाहीं. चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें ह्यालाच.

चौथी नोंद: दिवसाचा खर्च

रात्रीची गळती बुजल्यावर दिवसाकडे वळलों. 'पॉवरटॉप' नांवाचें साधन २००७ सालापासून उपलब्ध आहे. चार्जर काढून तें चालविलें असतां यंत्र एकंदर किती वॅट घेत आहे आणि कोण किती वेळां प्रोसेसरला उठवीत आहे, हें दिसतें. आमचा आंकडा तेरा वॅट. म्हणजे ३१ ला तेरानें भागून सव्वादोन तासांची सोय. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला, ब्राउझरमधील उघडीं ठेवलेलीं तीस-पस्तीस पानें मिटलीं, आणि आंकडा खालीं आला. तरी अपेक्षेइतका नाहीं.

कारण आमच्या चिरंजीवाच्या उत्साहांत होतें. वीज वांचविण्याचा कारभार पाहणारे दोन कारभारी, 'टीएलपी' आणि 'पॉवर प्रोफाइल्स डीमन', त्यानें एकाच यंत्रावर नेमले होते. एक प्रोसेसरला सावकाश चालावयास सांगे, तर दुसरा त्याचा शब्द फिरवी. एका स्वयंपाकघरांत दोघींनीं भाजींत मीठ घातलें तर काय होतें, हें वाचकभगिनींस सांगावयास नकोच. दोन्ही साधनें चांगलीं आहेत, पण एका वेळीं एकच ठेवावें. एकाला रजा दिल्यावर आंकडा साडेसातवर स्थिरावला; सव्वादोन तासांचे चार झाले.

जें साधलें नाहीं तें

सर्वांनाच एवढें यश येईल असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. पुष्कळशा नव्या यंत्रांत गाढ निद्रेची सोय कारखानदारानें काढूनच टाकलेली असते. तेथें 'डीप' हें नांवच दिसत नाहीं. कांहीं यंत्रांच्या अंगच्या मूळ मांडणींत निद्रेचा प्रकार निवडण्याची जागा असते, ती आधीं पाहावी. आणि ती मूळ आज्ञावलीहि अद्ययावत करावी, कारण तिच्या नव्या आवृत्तींत कारखानदार कधीं कधीं आपल्या चुका दुरुस्त करतात. तेंहि न साधल्यास 'हायबरनेट' म्हणजे दीर्घ निद्रा घ्यावी. तींत चालू काम डिस्कवर लिहून वीज पूर्ण बंद होते. त्यासाठीं डिस्कवर स्मृतीइतकी 'स्वॅप' जागा राखावी लागते. यंत्रावर 'सिक्युअर बूट' हें कुलूप असेल तर अनेक लिनक्स प्रणाली दीर्घ निद्रा नाकारतात, हें ध्यानांत ठेवावें. कांहींच न जमल्यास यंत्र सरळ बंद करून पिशवींत घालावें. त्यांत कमीपणा नाहीं.

एक सूचना मात्र सर्वांत महत्त्वाची. यंत्राचा तळ फुगलेला दिसला, कळा वर उचलल्यासारख्या वाटल्या, किंवा यंत्र सपाट मेजावर डुगडुगूं लागलें, तर बॅटरी फुगली असें समजावें. मग आज्ञा, वही, परीक्षा सर्व बाजूला ठेवून चार्जर काढावा, यंत्र बंद करावें, तें दाबूं किंवा टोंचूं नये, आणि जाणत्या कारागिराकडे न्यावें. तेथें आगीचा संभव असतो. वीज वांचविण्याचा प्रश्न उरत नाहीं.

आमच्या यंत्राची बॅटरी फुगलेली नव्हती, नुसती झिजली होती. ती पुढें बदलून घेतली. तिला नव्या यंत्राच्या किंमतीचा दहावा हिस्साहि लागला नाहीं. ह्या यंत्राला बॅटरी ऐंशी टक्क्यांवरच भरणें थांबविण्याची सोय आहे, ती चालू करून ठेवली आहे, म्हणजे घरीं प्लगला लावून काम करतांना ती उगीच काठोकाठ भरलेली राहूं नये. माईंची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीं झाली. प्रबंधाचें प्रकरणहि दुसऱ्या तारखेला वाचून झालें.

वाचकांनीं एवढाच क्रम लक्षांत ठेवावा: आधीं बॅटरीची धारणा पाहावी, मग रोजनिशी वाचावी, मग निद्रेचा प्रकार तपासावा, आणि शेवटीं दिवसाचा खर्च. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर एक रात्र मोजावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर यश कशाचें आणि अपयश कशाचें, हें कधींच कळत नाहीं.

चौकशी संपली त्या रात्रीं जेवतांना आम्हीं सर्वांदेखत मुलीची क्षमा मागितली. दादा कांहीं वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पोरी, माझेंहि चुकलें." वहिनींनीं तिच्या पानांत न विचारतां आणखी एक पुरणपोळी वाढली. ती वही आतां यंत्राजवळच असते. परवां घरांतील पाण्याचा पंप बंद पडला, तेव्हां 'कोणी बिघडविला' असें कोणी म्हणण्यापूर्वींच माई म्हणाल्या, "आधीं वही आणा."